बांगडीची जात

दागिन्यांचा इतिहास लिहिणारे सोन्यापासून सुरू करतात आणि सोन्यापाशीच संपवतात. राजा येतो, राणी येते, सराफ येतो. बांगड्या घासून ज्याची बोटं झिजली तो येत नाही. आणि जिला सोनं अंगाला लावायची बंदी होती ती तर नाहीच नाही. म्हणून मित्रांनो, हा इतिहास आपणच उलटा धरून वाचला पाहिजे. बांगडी केवढ्याची ते नंतर. ती केली कुणी, घातली कुणी आणि कुणाला घालू दिली नाही, हे आधी विचारायचं.

मोहेंजोदडोची पुतळी घ्या. १९२६ साली सापडली. ब्राँझची आहे, उंची साडेदहा सेंटिमीटर, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. आज ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. डावा हात मनगटापासून खांद्यापर्यंत चोवीस-पंचवीस बांगड्यांनी भरलेला, उजव्या हातात चार. कमरेवर हात, मान ताठ. आणि पंडितांनी हिला नाव काय दिलं? 'नर्तकी'! ती नाचत होती याला पुरावा काय? काही नाही. अंगावर कापड नाही, हातभर बांगड्या आहेत आणि पोरगी कुणाला भीक न घालता उभी आहे. झालं, नाचणारीच असणार. बाई अशी उभी राहिली की ती कुणाच्या तरी करमणुकीला, ही नजर साडेचार हजार वर्षांपूर्वीची नाही. ती खोदणाऱ्या साहेबांची आणि त्यांची री ओढणाऱ्या आपल्या विद्वानांची आहे.

त्याच संस्कृतीतलं नागेश्वर, गुजरातेत कच्छच्या आखाताच्या काठचं. तिथं शंखाच्या बांगड्या करायचं काम चालायचं. शंख फोडायचा, आतला दांडा काढायचा, करवतीनं एकेक कडं कापायचं, मग आतून-बाहेरून घासत बसायचं. शंख म्हणजे काय मऊ वस्तू नव्हे. दिवसभर मशीनवर उभं राहणाऱ्या माझ्यासारख्याला ते घासणं लगेच कळतं. पण हा कारागीर जाडजूड पुस्तकांच्या मुखपृष्ठावर कधी येत नाही.

पुढं मनू येतो. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांना त्यानं काय नेमून दिलंय? मेलेल्यांचे कपडे, फुटक्या भांड्यात जेवण आणि लोखंडाचे दागिने. नीट वाचा. दागिना घालू नका असं तो म्हणत नाही. घाला म्हणतो, पण लोखंडाचा. म्हणजे माणूस लांबून येताना दिसला तरी त्याची जात त्याच्या हातावरून वाचता आली पाहिजे. नटायच्या हौसेलाच त्यानं गळ्यातला पट्टा करून टाकलं. हे आपल्या कलासमीक्षेत कुठं शिकवतात का?

हा पट्टा तोडणारेही निघाले. केरळात पुलया बायांच्या गळ्यात दगडी मण्यांची माळ असायची, तीच त्यांच्या जातीची खूण. १९१५ साली अय्यंकालींच्या चळवळीत कोल्लम भागातल्या बायांनी त्या माळा काढून फेकल्या. त्यावरून मारामाऱ्या झाल्या. दगडाचे मणी फेकले म्हणून वरच्या जातींचं पित्त खवळावं, यातच त्या मण्यांची खरी किंमत कळते.

आणि आपलं महाड. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली. त्याच परिषदेत बाबासाहेब बायांशी बोलले. कोपरापर्यंतच्या कथलाच्या नि चांदीच्या गोटपाटल्या ही अस्पृश्यपणाची खूण आहे, ती टाका, असं त्यांनी सांगितलं. दागिना घालायचाच तर सोन्याचा घाला, नाही परवडत तर घालूच नका. मनूच्या लोखंडाला हे सरळ उत्तर. बाबासाहेबांचं नटण्याशी वैर नव्हतं, खुणेशी होतं. माझ्या मते दागिन्यावर मराठीत झालेली सगळ्यात खरी समीक्षा हीच. ती मांडवात झाली, म्हणून विद्यापीठाच्या खिजगणतीत नाही.

आता आपल्याकडे वळतो. राग आला तरी वाचा. मोर्चा काढायचा आणि साहेबाच्या टेबलावर बांगड्यांचा आहेर ठेवायचा, ही रीत आपल्यातही शिरलीय. 'हातात बांगड्या भरल्यात काय' ही ओळ आपल्या पोरांच्या कवितांतून टाळ्या घेते. बांगडी म्हणजे भित्रेपणा, हे कुणी शिकवलं? आमच्या सूतगिरणीत वाइंडिंग खात्यातल्या बाया काचेच्या बांगड्या कोपराकडं सारून पाळी ओढतात, वर घरी जाऊन चूल सांभाळतात. ते हात भित्रे? महाडला गोटपाटल्यांच्या हातांनी आलेल्या बाया भित्र्या होत्या? एक खूण बाबासाहेबांनी काढायला लावली, दुसरी आपण आपल्याच आयाबहिणींच्या हातात भरतोय.

तेव्हा कवींनो, बांगडीची नुसती किणकिण लिहू नका. ती काचेची की कथलाची, कुणाच्या भट्टीतली, कुणी लादलेली, हे लिहा. आणि कार्यकर्त्यांनो, पुढच्या मोर्चात साहेबाला बांगड्या देऊ नका. मागण्यांचं निवेदन द्या, आणि ते द्यायला वाइंडिंगमधल्या बाईला पुढं करा. बांगड्यांसकट.