ओल्या रस्त्यासाठी कुठला टायर? चार दाव्यांची उलटतपासणी

२९ ऑगस्ट २०२०. करोनामुळे दोन महिने पुढे गेलेली टूर द फ्रान्स नीस शहरात सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी पावसाने गाठलं. बरेच दिवस कोरडे राहिलेले रस्ते भिजले आणि साबणासारखे झाले. सायकलपटू धडाधड पडायला लागले. शेवटी त्यांनी आपापसांतच ठरवलं की उतारावर वेग वाढवायचा नाही. टोनी मार्टिन हात पसरून मागच्यांना थांबवत होता. तरीही अस्ताना संघ पुढे निघाला आणि त्यांचाच मिगेल आंगेल लोपेझ घसरून रस्त्याकडेच्या फलकावर आदळला.

जगातले उत्तम टायर वापरणारे लोक असे पडतात, तेव्हा पावसातल्या शर्यतीसाठी टायर निवडायचा कसा? या प्रश्नावर ठाम उत्तरं भरपूर मिळतात. तुम्ही संशोधनाच्या तयारीत आहात, म्हणून आज आपण त्यातले चार दावे तपासू. सायकलिंगमध्ये रस नसला तरी चालेल. दाव्याखाली पुरावा कितपत आहे हे बघायची सवय लागावी, एवढाच हेतू आहे.

दावा पहिला : सायकलच्या टायरला खाचांची गरज नाही

याच्या मागे चांगलं विज्ञान आहे. १९६३ साली नासाच्या हॉर्न आणि ड्रेहर यांनी पाण्यावर टायर तरंगायला लागण्याचा वेग काढायचं एक सोपं सूत्र मांडलं. टायरमधला दाब पीएसआयमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा आणि ९ ने गुणा. उत्तर नॉट्समध्ये येतं. दाब ६४ पीएसआय असेल तर ८ गुणिले ९, म्हणजे ७२ नॉट्स, म्हणजेच ताशी साधारण १३३ किलोमीटर. शर्यतीत एवढा वेग कोण गाठणार? म्हणजे सायकल पाण्यावर तरंगत नाही, म्हणून पाणी बाहेर काढणाऱ्या खाचाही नकोत.

आता तपासू. सूत्र विमानाच्या टायरवरून आणि साचलेल्या पाण्यावरून आलं आहे. ते सायकलला लावणं म्हणजे मूळ प्रयोगाच्या हद्दीबाहेर जाणं. पण सायकलचा टायर अरुंद आणि गोलसर असतो, तो पाणी बाजूला सारायला उलट सोयीचाच. म्हणजे इथे हद्द ओलांडूनही निष्कर्ष सुरक्षित बाजूलाच राहतो. इथवर दावा टिकतो.

गडबड पुढच्या पायरीवर होते. “तरंगत नाही” यावरून लोक “मग पाण्याचा प्रश्नच नाही” इथवर उडी मारतात. नीसला कोणी पाण्यावर तरंगलं नव्हतं. तिथे धूळ, तेल आणि पाण्याचा पातळ थर होता. रस्त्यावरचे रंगीत पट्टे किंवा गटाराची लोखंडी झाकणं तर इतकी गुळगुळीत असतात की तो थर फुटतच नाही. जूनच्या पहिल्या पावसात झेब्रा क्रॉसिंगवर दुचाकीचा ब्रेक दाबलेल्या कुणालाही हे सांगायला नको. त्यामुळे खाचा निरुपयोगी ठरल्या तरी सगळे गुळगुळीत टायर सारखेच ठरत नाहीत. फरक रबरात आहे.

दावा दुसरा : कमी रोलिंग रेझिस्टन्सवाला टायर घ्या, तो सगळ्यात वेगवान

रोलिंग रेझिस्टन्स, म्हणजे टायर गडगडताना वाया जाणारी ऊर्जा, फिरत्या ड्रमवर छान मोजता येते. समजा दोन टायरचे गुणांक ०.००३ आणि ०.००४ आहेत. सायकल आणि स्वार मिळून ८० किलो, वेग ताशी ४० किलोमीटर. फरक निघतो साधारण ८.७ वॅट. हा आकडा खरा आहे आणि शर्यतीत तो लहानही नाही.

आता वळणाचा हिशेब करू. २० मीटर त्रिज्येचं वळण आहे. समजा ओल्या रस्त्यावर एका टायरचा घर्षण गुणांक ०.५० आणि दुसऱ्याचा ०.५५ आहे. पहिला ताशी ३५.७ किलोमीटरपर्यंत धरून ठेवेल, दुसरा ३७.४ पर्यंत. फरक पावणेदोन किलोमीटरचा. पण ही दोन आकड्यांची जात वेगळी आहे, हे लक्षात घ्या. रोलिंग रेझिस्टन्स वाढला तर तुम्ही थोडे हळू होता. पकडीची मर्यादा ओलांडली तर तुम्ही थेट रस्त्यावर असता. एका ठिकाणी उतार आहे, दुसऱ्या ठिकाणी कडा.

मग सगळी चर्चा पहिल्याच आकड्यावर का चालते? कारण तो नीट मोजता येतो. ओली पकड पाणी, तापमान, पृष्ठभाग आणि रबराचं वय, सगळ्यावर हलते. मोटारीच्या टायरवर युरोपात २०१२ पासून ओल्या पकडीची श्रेणी छापावी लागते. त्यासाठी ठरलेल्या परिस्थितीत, ठरावीक टायरशी तुलना करून चाचणी घेतात. सायकलच्या टायरला तो नियम लागू नाही.

याच्या उलट टोकाचाही एक समज आहे : “वेगवान टायर पावसात घसरणारच.” तोही तपासायला हवा. ओल्या रस्त्यावर रबराची पकड बरीचशी रबर दबताना-सुटताना खर्च होणाऱ्या ऊर्जेतून येते. रोलिंग रेझिस्टन्सही तसल्याच ऊर्जेतून येतो. पण चाक सेकंदाला पाच-सहा वेळा फिरतं आणि घसरताना खडीच्या बारीक टोकांवर रबर सेकंदाला हजारो ते लाखो वेळा दबतं. एकच रबर या दोन ठिकाणी वेगळं वागू शकतं. मोटारीच्या टायरमध्ये काजळीऐवजी सिलिका वापरून १९९० च्या दशकात नेमका हाच फायदा उठवला गेला. त्यामुळे देवाणघेवाण आहे, पण ती अटळ नाही.

दावा तिसरा : पावसात हवा थोडी कमी ठेवा

सल्ला चांगलाच आहे, अनुभवी लोक ५ ते १० पीएसआय उतरवतात. पण कारण विचारलं की दोन उत्तरं येतात. एक : टायर जास्त टेकतो म्हणून पकड वाढते. दोन : खडबडीत रस्त्यावर टायर उसळत नाही, सतत चिकटून राहतो. दुसरं कारण खरं असेल तर गुळगुळीत रंगीत पट्ट्यावर हवा कमी करून फारसं काही मिळणार नाही. पहिलं खरं असेल तर तिथेही मिळेल. सल्ला एकच, पण दोन कारणांची भाकितं वेगळी! संशोधनाचा प्रश्न असा सापडतो. कुणी “हे सगळ्यांना माहीतच आहे” म्हणालं, की “का?” विचारा आणि दोन उत्तरं आली की ती कुठे वेगळी पडतात ते शोधा.

दावा चौथा : जिंकणाऱ्याने लावला तोच लावा

२७ जुलै २०२४, पॅरिस ऑलिंपिकची ३२.४ किलोमीटरची टाइम ट्रायल, रस्ते ओले. पुरुषांत रेम्को एव्हनेपूलला सुवर्ण मिळालं. महिलांमध्ये क्लोई डायगर्ट पडली, तरी कांस्य घेऊन गेली. यावरून टायरबद्दल काय कळतं? जवळजवळ काहीच नाही. कोण वळणावर किती आधी ब्रेक लावतं, कुठल्या रेषेतून जातं, कुणाच्या वेळेला पाऊस कितपत होता, हे सगळं टायरबरोबर मिसळलेलं आहे. नीसबद्दलही तेच. “अमुक टायरवाले इतके पडले” असं कुणी म्हणालं, तर तो टायर एकूण किती जणांनी लावला होता, ते आधी विचारा. भाजक नसलेला आकडा पुरावा होत नाही.

मग टायर घ्यायचा कुठला?

माझं मत सांगतो, भरवशाच्या उतरत्या क्रमाने. खाचांच्या नक्षीवर पैसे घालू नका, याबद्दल मी निर्धास्त आहे. ओल्या पकडीची चाचणी झालेलं रबर निवडा आणि त्यासाठी चार-पाच वॅट गेले तर जाऊ द्या, हेही बऱ्यापैकी पक्कं. फ्रेममध्ये बसत असेल तर २८ किंवा ३० मिलिमीटरचा टायर घ्या आणि हवा थोडी उतरवा. हे करा, पण कारण अजून उघडं आहे हे लक्षात ठेवून. आणि पांढऱ्या पट्ट्यावर कुठलाच टायर तुम्हाला वाचवेल असं धरून चालू नका.

तुमच्या सिनॉप्सिसमध्येही असा एखादा ड्रमवरचा आकडा असणार : नीट मोजता येतो म्हणून निवडलेला, पण मूळ प्रश्नापासून दोन पावलं दूर. तो वापरायला हरकत नाही. फक्त ती दोन पावलं कुठली, हे गाईडने विचारायच्या आधी स्वतः एका परिच्छेदात लिहून काढा. तो परिच्छेद जमत नसेल, तर आधी प्रश्न बदला. मोजमाप नंतर बघू.