गिरवलेले अक्षर

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनासाठी पोलादपूरची एक मुलगी 'सौभद्रा'तले पद बसवून माझ्याकडे आली. जुने ध्वनिमुद्रण ऐकून तिने ते असे घोटले होते की एकही हरकत सुटली नव्हती. मी विचारले, "बाळ, सुभद्रा हे कोणाला सांगते आहे?" तिला ते ठाऊक नव्हते. बलराम आपले लग्न दुर्योधनाशी लावून देणार, या धास्तीने सुभद्रा व्याकूळ झालेली असते, हेही तिला कोणी सांगितले नव्हते.

तेव्हापासून जयमाला शिलेदारांचा विचार मनातून जात नाही. १९२६ साली इंदूरला जन्मलेल्या या प्रमिला जाधवांना बालगंधर्वांच्या सहवासात रंगभूमीचे धडे मिळाले. गंमत पाहा, रंगभूमीवरची स्त्री कशी बोलते, लाजते, रडते, हे एका स्त्रीने पुरुषाकडून शिकायचे! १९४९ साली जयराम शिलेदारांबरोबर 'मराठी रंगभूमी' ही संस्था निघाली. बाईंच्या मुली लता (पुढे दीप्ती भोगले) आणि कीर्ती याच घरात तयार झाल्या. २०१३ साली पद्मश्री लाभली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बाई गेल्या.

या घराण्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: हे सारे बालगंधर्वांचे गिरवणे आहे. माझे शिक्षण मॅट्रिकचे. गाण्याच्या शास्त्रात मी बोलू नये. पण गिरवणे म्हणजे काय, ते मास्तराला कळते. मूल पाटीवर अक्षर गिरवते, त्याला कोणी चोरी म्हणत नाही. मात्र पुढे त्याला स्वतःचे पत्र लिहिता आले पाहिजे. आक्षेपात तथ्य मुळीच नाही, असे मी म्हणणार नाही. जुन्या पदांत गुरूची सावली कधी कधी गाणाऱ्यापेक्षा मोठी होते खरी.

परंतु बाईंच्या शिकवण्याची खरी परीक्षा जुन्या नाटकांत नव्हतीच. ती झाली विद्याधर गोखल्यांच्या 'स्वरसम्राज्ञी'त. तमाशातली एक मुलगी आणि तिला घडवणारा गुरू, असा त्या नाटकाचा विषय. भूमिका नवी, गिरवायला समोर बालगंधर्वांचा कित्ता नाही. कीर्तीबाईंनी ती आपलीशी केली आणि तीच त्यांची ओळख ठरली. २०२२ साली त्याही गेल्या.

कीर्तीबाईंना हे जमले, कारण त्या पद वेगळे शिकल्या नव्हत्या. संवाद, प्रवेश, समोरचे पात्र, प्रेक्षकांचा 'वन्स मोअर', या सगळ्यांतून पद त्यांच्यापर्यंत आले. नाटक कंपनी हीच शाळा होती. आज आमच्या महाड-पोलादपूरच्या मुलींपर्यंत पोहोचते ते नुसते पद; नाटक मागेच राहते. मग त्या निर्दोष गातात आणि सुभद्रा कुठेच दिसत नाही.

कंपनी आणणे माझ्या हाती नाही. पण यंदा पेटी उघडण्याआधी मुलींकडून तो सबंध अंक मोठ्याने वाचून घेणार आहे. दोन हरकती सुटल्या तरी चालतील.