साभार पोच

मी समीक्षक आहे ही गोष्ट आमच्या घरात अजून कुणी मनावर घेतलेली नाही. कुरियरवाल्याने मात्र घेतली आहे. रहाटणीत आमची इमारत शोधायची म्हणजे नवख्या माणसाला कोकणे चौकातून तीन वेळा फोन करावा लागतो, पण हा पठ्ठ्या आता सरळ तिसऱ्या मजल्यावर येतो, पाकीट हातात ठेवतो आणि सांत्वन केल्यासारखा म्हणतो, "पुस्तकच आहे, साहेब."

वास्तविक मी बी. कॉम. 'जमा' आणि 'नावे' हे दोन सोडले तर बाकीचे रस मला कॉलेजात कुणी शिकवलेले नाहीत. पण एका स्थानिक साप्ताहिकाच्या संपादकांचं आमच्या शाखेत चालू खातं आहे. (चालू म्हणजे बँकेच्या भाषेत. एरवी ते बंदच असतं.) एकदा त्यांच्या अंकात 'लोकसभेच्या' जागी 'शोकसभेच्या उमेदवारांचा प्रचार शिगेला' असं छापून आलं होतं, ते मी काउंटरवरून त्यांच्या नजरेला आणलं. ते रागावतील अशी माझी अपेक्षा होती. ते म्हणाले, "तुम्ही इतकं बारकाईने वाचता? मग आमचं 'पुस्तक-परिचय' सदर घ्या की! मानधन नाही, पण पुस्तकं तुम्हाला ठेवता येतील." फुकट म्हटल्यावर मी फॉर्म वाचल्याशिवाय सही केली. ही चूक गिऱ्हाइकांनी करू नये म्हणून मी रोज काउंटरवर बसून ओरडत असतो.

त्यात २०१६ च्या जानेवारीत पिंपरीला ८९ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. संमेलनाने गावाला काय दिलं याचा हिशेब थोरांनी मांडावा. माझ्या पदरात पडले ते आजूबाजूचे लेखक. काळेवाडीपासून वाकडपर्यंत ज्याच्या ज्याच्या कपाटात वही होती, त्याला ती पुस्तक व्हावीशी वाटू लागली. आणि आता पन्नास प्रतीसुद्धा छापून मिळतात, तेव्हा अडवणार कोण?

पुस्तक निघालं की ते 'अभिप्रायार्थ' निघतं. आपल्याकडे जुना रिवाज असा की परीक्षण हवं असेल तर दोन प्रती पाठवाव्यात. एक कचेरीला आणि एक परीक्षकाला. एकच आली तर 'साभार पोच' या मथळ्याखाली पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठं, किंमत एवढं छापून मोकळं व्हायचं. हे सदर मला मराठी वाङ्मयातलं सर्वांत प्रामाणिक सदर वाटतं. पुस्तक मिळालं, आभार. वाचलं असा दावा नाही. सरकारसुद्धा याहून जास्त मागत नाही. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने नव्या पुस्तकाची एकेक प्रत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा आणि दिल्लीची पब्लिक लायब्ररी यांना स्वखर्चाने पाठवायची असते. पण 'वाचलंत का हो?' असं या चौघांना विचारायची सोय कायद्यात ठेवलेली नाही.

मला विचारायची मात्र सोय आहे. पुस्तक सोमवारी येतं आणि मंगळवारी सकाळी, मी दाढीचा साबण लावलेला असताना, फोन येतो. "मिळालं का? घाई नाही हं." ही 'घाई नाही' दर दोन दिवसांनी येते. प्रकाशकांचं पत्र छापील असतं आणि त्यात मी 'मर्मज्ञ' असतो. काही लेखक व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवतात आणि खाली हात जोडलेली चित्रं. आमच्या हिच्या मावसभावाने तर कादंबरीबरोबर परीक्षणही लिहून पाठवलं, माझा वेळ वाचावा म्हणून. त्यात त्याने स्वतःचा एक दोषही दाखवला होता: लेखक अतिशय विनयशील आहे. ही म्हणाली, "छापून टाका ना अहो, दिवाळीला तोंड दाखवायचंय मला त्यांच्याकडे." मी छापलं. विनयशीलतेचा दोष तेवढा काढला.

नाही म्हणायची एक सोपी रीत आहे: "मला जमणार नाही" हे तीन शब्द. कर्ज नाकारताना हे शब्द माझ्या तोंडून पाण्यासारखे वाहतात. पुस्तकापुढे ते घशातच अडकतात, कारण समोरच्याने भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून पुस्तक छापलेलं असतं आणि तीनशे प्रती दिवाणाखाली ठेवलेल्या असतात. मग मी माझे रबरी शिक्के बाहेर काढतो.

होय, शिक्केच. सदर चालवून तिसरं वर्ष लागेतो माझ्याजवळ वाक्यांचा संच तयार झाला होता. 'मुखपृष्ठ समर्पक असून छपाई सुबक आहे' म्हणजे मी पुस्तक हातात धरलं. 'विषयांची विविधता लक्षणीय आहे' म्हणजे अनुक्रमणिका पाहिली. 'संग्राह्य' म्हणजे घरात ठेवा, उघडू नका. 'कवीकडून अपेक्षा उंचावल्या आहेत' म्हणजे या वेळी काही मिळालं नाही. लेखक कामगार असला की 'नारायण सुर्व्यांची आठवण होते' हा शिक्का. सुर्व्यांचं 'माझे विद्यापीठ' १९६६ साली आलं. तेव्हापासून ज्याच्या हाताला ग्रीस लागलंय अशा प्रत्येकाला आम्ही परीक्षकांनी सुर्व्यांच्या रांगेत उभं केलं आहे, त्याने सुर्वे वाचलेत की नाही हेही न विचारता. बँकेत न तपासता 'तपासले' असा शिक्का मारला तर हातात आरोपपत्र पडतं. साहित्यात नारळ आणि पुष्पगुच्छ पडतो.

याच भाषेत विष्णुशास्त्री चिपळूणकर होऊन गेले! १८७४ साली 'निबंधमाला' काढली आणि सात वर्षांत चौऱ्याऐंशी अंक जवळजवळ एकहाती लिहिले. लोकहितवादी, जोतीराव फुले यांच्यावर ते काय तुटून पडले! पुष्कळ ठिकाणी ते चुकले असं माझ्यासारख्या बी. कॉम.चंही मत आहे. पण समोरचं वाचल्याशिवाय इतकं भांडता येत नाही. आणि ठणठणपाळ या नावाने जयवंत दळवी 'ललित'मध्ये लेखकांच्या खोड्या काढत. ज्याची खोडी निघे, त्याचं निदान पुस्तक कुणीतरी उघडलंय याची खात्री पटे. माझ्या परीक्षणांनी मात्र कुणीच कधी रागावलं नाही. हे मला फार दिवस भूषणावह वाटत होतं.

मग काका आले. महिन्यातून एकदा पेन्शन जमा झालं का ते बघायला आमच्या काउंटरवर येतात. टेल्कोत चौतीस वर्षं फिटर. कंपनीचं नाव २००३ साली टाटा मोटर्स झालं, काकांच्या तोंडी ते अजून टेल्कोच आहे. एका महिन्यात त्यांनी पासबुकाखालून आठवणींचं एक पुस्तक सरकवलं, एकशे अठ्ठावीस पानांचं. फोन नाही, मर्मज्ञ नाही. "सवडीने बघा साहेब," एवढंच.

मी पहिली बारा पानं वाचली. त्यात सूर्य सोनेरी होता, नदी अवखळ होती आणि आई वात्सल्यसिंधू होती. मी शिक्के काढले. सुबक, लक्षणीय, सुर्वे, आणि अनुक्रमणिकेत शेवटचं नाव दिसलं म्हणून, "'थर्ड शिफ्ट' हे अखेरचे प्रकरण वाचकाला अंतर्मुख करते." छापून आलं. मी विसरलो.

पुढच्या महिन्यात काका आले, ते वर्तमानपत्रात गुंडाळलेली सोळा पानं घेऊन. "साहेब, बाइंडरची चूक झाली. काही प्रतींना शेवटचा फर्मा लागलाच नाही. तुम्हाला दिलेली त्यातलीच होती. ही घ्या." मग जरा थांबून, कसलाही टोमणा नसलेल्या आवाजात: "पण ते प्रकरण तुम्हाला आवडलं हे वाचून बरं वाटलं."

मागे सात माणसं रांगेत होती. त्या दिवशी रोख जुळायला मला रात्रीचे आठ वाजले.

ती सोळा पानं मी घरी जेवणाआधी वाचली. काळेवाडीतली एक खोली. रात्रपाळी करून काका सकाळी येऊन झोपत. दोन पोरं लहान. पोरांचा आवाज होऊ नये म्हणून त्यांची बायको रोज सकाळी दोघांना घेऊन पवनेच्या काठी जाऊन बसे. पावसात देवळाच्या ओसरीत. दुपारी हे उठायच्या वेळी परत येई. काकांना वाटे, आपली पोरं गुणी आहेत, गप्प असतात. ती गेल्यावर थोरल्या मुलाने बोलता बोलता सांगितलं, तेव्हा त्यांना कळलं. मग काकांनी हिशेब केला आहे: महिन्यातल्या किती रात्रपाळ्या, किती वर्षं, पावसाचे महिने किती. अख्ख्या प्रकरणात एक विशेषण नाही. पहिल्या बारा पानांत सूर्याला सोनेरी करणारा हा तोच माणूस, यावर विश्वास बसेना.

मग मी मधली शंभर पानंही वाचली. यंत्रं, माणसं, कंपनीची बस याबद्दल लिहिताना काका पक्के आहेत. निसर्ग आला की शाळेतला निबंध सुरू होतो. मध्येच पान त्रेसष्टवर एक कविता आहे, ती सरळ वाईट आहे. हे सगळं लिहून मी संपादकांकडे नेलं. ते म्हणाले, "एकदा परिचय आला ना? दुसऱ्यांदा कशाला? लेखक नातेवाईक आहे का?" शेवटी बऱ्याच घासाघिशीनंतर 'चूक-दुरुस्ती' या चौकटीत वीस ओळी मिळाल्या, बोअरवेलच्या जाहिरातीखाली. आधीचा परिचय पुस्तक पूर्ण न वाचता लिहिला होता, हे पहिल्याच ओळीत घातलं. पहिलं प्रकरण आणि ती कविता पुढच्या आवृत्तीत काढावी, हे शेवटच्या.

पुढच्या महिन्यात काका आले, ते चौकट कापून पुस्तकात ठेवूनच. माझ्या पोटात गोळा. त्यांनी चष्मा लावला, पुस्तक काउंटरवर उघडलं, आणि आमच्या ओळखीत पहिल्यांदाच माझ्याशी भांडायला लागले. बस सोडणाऱ्या सुपरवायझरबद्दल मी लिहिलेलं चूक आहे. तो माणूस तसा नव्हता, एकवीस नंबरचं पान पुन्हा वाचा. पहिल्या प्रकरणाचं मान्य, ते मुलीच्या सरांनी 'सुधारून' दिलं होतं, मूळ वही घरी आहे.

"आणि पान त्रेसष्ट?" मी विचारलं.

"ती कविता राहणार साहेब."

"काका, ती खरंच चांगली नाहीये हो."

"ते मला कळतं," ते म्हणाले. "तिला आवडायची."

मी काही बोललो नाही. त्यांनी पुस्तक मिटलं आणि त्याच्याखालचं पासबुक माझ्याकडे सरकवलं. पेन्शन जमा झालं होतं.