कासवाच्या पाठीवरची आई

सोलो नाच बघताना आपण एका कलाकाराची कमाल बघायला बसतो. किती गिरक्या, किती दम, किती लवचीक अंग. सँटी स्मिथचं 'नीओइंडिजिना' (2014) या सवयीनं बघाल तर निम्मं निसटेल. मंचावर ती एकटीच असते, पण मला मात्र तिच्यात तिच्या आधीच्या आणि नंतरच्या बायका दिसत राहिल्या.

स्मिथ कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातली, मोहॉक समाजातली, कासव कुळाची. मोहॉक हे होडेनोशोनी या सहा राष्ट्रांच्या संघातले. त्यांच्या सृष्टिकथेत जमीन घडते ती एका गरोदर बाईच्या पावलांनी. ती आकाशलोकातून खाली पडते. पक्षी तिला पंखांवर झेलतात, कासव पाठ पुढे करतं, पाण्याच्या तळातून एक छोटा प्राणी चिमूटभर माती आणतो. ती माती पसरून बाई गोल गोल फिरते आणि जमीन वाढत जाते. मला विचाराल तर जगातलं पहिलं सोलो हेच. देवळात शिरताना कासवाला हात लावणाऱ्या आपल्याला ही कथा फार परकी वाटू नये.

'नीओइंडिजिना' आकाश, पृथ्वी आणि पाताळ अशा तीन लोकांतून फिरतं. स्मिथ सहा वर्षं कॅनडाच्या नॅशनल बॅले स्कूलमध्ये शिकली. बॅले चवड्यांवर उभं राहून जमिनीपासून सुटू बघतं. होडेनोशोनी बायकांच्या पारंपरिक नाचात पाय उचलत नाहीत, जमिनीला लागूनच सरकवतात. हे दोन्ही संस्कार एकाच अंगात आहेत, आणि माझ्या मते शेवटी जिंकते ती जमीन.

यात राजकारण आहे का? आहेच. होडेनोशोनी समाजात कूळ आईकडून मिळतं. कॅनडाच्या 1876च्या इंडियन अ‍ॅक्टनं मात्र ओळख बापाकडून मोजली. आदिवासी बाईनं बाहेरच्या पुरुषाशी लग्न केलं की कायद्यानं ती आदिवासी उरायची नाही, तिची मुलंही नाहीत. पुरुषाला ही अट नव्हती. हे कलम 1985 साली हटलं. ज्या देशानं आईची वंशरेषा कागदावरून खोडली, तिथे एका बाईनं मंचावर ती अंगानं पुन्हा काढणं हा साधा भावुकपणा नव्हे.

स्मिथच्या 2004च्या समूहनृत्याचं नाव 'काहावी'. मोहॉक भाषेत त्याचा अर्थ 'ती वाहून नेते'. हे तिच्या आजीचं नाव आणि तिच्या मुलीचंही. मध्ये स्मिथ स्वतः. आजीकडून घेतलेलं लेकीपर्यंत पोचवायचं, या कामाला याहून नेमका शब्द मला सुचत नाही.

एक तक्रार आहे. तीन लोकांचा पसारा मांडताना आई कधी कधी फारच भव्य होते. रात्रभर जागलेली, वैतागलेली, तरीही मूल कडेवर घेऊन उभी असलेली बाई मला आणखी थोडी हवी होती. पुराणातल्या आईला नमस्कार करणं सोपं असतं. घरातल्या आईकडे बघणं अवघड.

तरीही हे काम बघा. मोबाईलवर तिच्या नाचाची एखादी क्लिप सापडली तर चेहरा झूम करू नका. पायांकडे बघा.