कडेकडेनं किंडर

किंडर स्काउट हा इंग्लंडमधल्या पीक डिस्ट्रिक्टचा सगळ्यात उंच डोंगर, आणि त्याची उंची ६३६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या निम्मीही नाही. बरं, तेवढं चढून गेल्यावर निदान माथा तरी सापडावा, तर त्याचीही पंचाईत. वर मैलोगणती सपाट, काळपट, ओलं पठार पसरलेलं. सर्वोच्च बिंदू त्यातच कुठेतरी आहे. नकाशा आणि होकायंत्र घेऊन तो गाठावा, तर आजूबाजूचे चार उंचवटे आपल्याहून उंच वाटायला लागतात. शिखरावर उभं राहून फोटो काढायला आलेल्यांचा इथे पुरता हिरमोड होतो. इंग्लंडच्या या मूर म्हणजे उघड्या माळरानाच्या प्रदेशातल्या डोंगरांची गोडी माथ्यावर शोधूच नये, असं माझं मत आहे. ती कडेला असते.

म्हणून ईडलच्या छोट्या स्टेशनावर उतरलं की क्राउडनच्या ओढ्यालगतची वाट धरावी. ओढा अरुंद होत जातो, शेवटी हात टेकून खडकांवरून वर यावं लागतं, आणि आपण पठाराच्या ओठावर येतो. तिथून पश्चिमेला निघालं की ‘वूलपॅक्स’ लागतात. गाठोड्यांसारखे, अळंब्यांसारखे, कुठे नुसतेच बेढब असे कितीतरी खडक पीट नावाच्या काळ्या मातीतून डोकं वर काढून बसलेले. सगळे त्यांच्या आकारांत प्राणी शोधतात. माझं त्यात मन रमत नाही. मी त्यांच्या अंगाला हात लावून बघतो. हा मिलस्टोन ग्रिट. जात्याचे दगड याच्याच जातीच्या खडकातून घडवत, म्हणून हे नाव. तळहात फिरवला तर सोलून निघेल इतका खरखरीत. जवळून पाहिलं की त्यात गारेचे पांढरे खडे दिसतात, आणि तिरप्या रेघांचे थर. सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वी एका प्रचंड नदीनं आपल्या त्रिभुज प्रदेशात ही वाळू आणून टाकली. प्रवाह कुठल्या दिशेनं वाहत होता, ते त्या तिरप्या थरांवरून आजही कळतं. डोंगरमाथ्यावर उभं राहून नदीचा रोख वाचायचा, ही मजा मला कुठल्याही विस्तीर्ण देखाव्याहून मोठी वाटते.

आता कड सोडून थोडं आत शिरावं. पठार सपाट आहे हा समज पन्नास पावलांत निघून जातो. पाण्यानं पीट कापून पुरुषभर खोल घळी केल्या आहेत. तिथले लोक त्यांना ‘ग्रफ’ म्हणतात. एकीत उतरलं की क्षितिज जातं. वर चढावं, तर पुढे दुसरी. दोन्ही बाजूंच्या भिंती चॉकलेटी-काळ्या, लोण्यासारख्या मऊ, आणि त्यांत जुन्या झुडपांची मुळं जशीच्या तशी. पीट म्हणजे पुरतं न कुजलेलं, पाण्यात मुरत राहिलेलं गवत आणि शेवाळ. ते साचतं वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर. तेव्हा त्या भिंतीवर बोटभर अंतर खाली सरकलं, की काही पिढ्या मागे गेलो असं समजावं.

इथवरचं वाचन निसर्गाचं. किंडर खरा रंगतो तो त्यात माणूस दिसू लागल्यावर. या घळी इतक्या उघड्या का पडल्या? पठाराच्या एका अंगाला मँचेस्टर, दुसऱ्या अंगाला शेफील्ड. दीडशे-दोनशे वर्षं तिथल्या गिरण्या-कारखान्यांचा कोळशाचा धूर या पठारावर उतरत राहिला आणि त्यातल्या गंधकानं स्फॅग्नम शेवाळ मारून टाकलं. स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवणारं हे शेवाळच पीटची कातडी. ती गेली, मेंढ्यांनी आणि वणव्यांनी उरलंसुरलं उघडं केलं. ज्याला आपण रानटी, आदिम म्हणून दाद देतो ते काळं ओसाडपण बऱ्याच अंशी गिरण्यांनी घडवलेलं आहे.

आणि त्याच गिरण्यांतले, कारखान्यांतले तरुण रविवारी श्वास घ्यायला इथेच यायचे. वर मात्र बंदी, कारण पठार जमीनदारांच्या ग्राउझ पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेलं. २४ एप्रिल १९३२ ला पायथ्याच्या हेफील्डहून काही शे जण विल्यम क्लफच्या घळीतून ठरवून वर घुसले. पुढे होता बेनी रॉथमन, वीस वर्षांचा मँचेस्टरचा मेकॅनिक. रखवालदारांशी झटापट झाली, सहाजण पकडले गेले, पाचांना कैद झाली. पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान ठरलं १९५१ मध्ये. मूरवर मोकळेपणी पायी हिंडायचा कायदेशीर हक्क मिळायला मात्र २००० सालचा कायदा यावा लागला.

पश्चिम कडेवर ‘किंडर डाउनफॉल’ आहे. सुमारे ३० मीटरचा धबधबा, आणि एरवी त्यात फार पाणीही नसतं. पण पश्चिमेचा वारा या खोबणीत जोरात घुसला की पडणारं पाणी उलटं वर उधळतं आणि वरच्या माणसाला भिजवून टाकतं. आपल्या घाटांतले उलटे धबधबे पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही. तरी थांबावं. खाली किंडरचा जलाशय, त्यापलीकडे सखल प्रदेश, आणि हवा स्वच्छ असेल तर मँचेस्टरच्या उंच इमारती. धूर कुठून आला आणि माणसं कुठून आली, ते एका नजरेत सापडतं.

तसंच पुढे मिल हिल ओलांडून पेनाइन वे या लांब पायवाटेवरून स्नेक खिंडीकडे जावं. दलदलीवर लांबच लांब दगडी फरश्या टाकल्या आहेत. त्या बऱ्याचशा पाडलेल्या कापडगिरण्यांच्या जमिनीतल्या आहेत. काहींत यंत्रं पक्की करायला पाडलेली भोकं अजून दिसतात, त्यांत पावसाचं पाणी साचलेलं. अमेरिकेतल्या यादवीच्या काळात वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबई बंदरातून याच गिरण्यांच्या लँकेशायरला जात होता, हे आठवलं की आपलीही चाल मंदावते. ज्या गिरण्यांनी शेवाळ मारलं, त्यांच्याच फरश्या आता उरलेल्या पीटला बुटांखाली तुडवलं जाण्यापासून वाचवताहेत. दोन्ही बाजूंना घळींत बांध घातलेत, नवं स्फॅग्नम लावलंय, आणि काळ्यावर हिरवं खरंच चढतंय. जूनमध्ये वर कापूसगवताचे पांढरे झुबके डोलतात. ऑगस्टच्या जांभळ्या हेदर फुलांचं कौतुक सगळेच करतात. मला जूनच पसंत.

ईडलच्या समोरच्या मॅम टॉर टेकडीवर गर्दी लोटते, आणि का ते कळतंही. ५१७ मीटर, दगडी पायऱ्या, पंधरा-वीस मिनिटांत माथा. दक्षिणेला चुनखडीचा उजळ मुलूख, उत्तरेला ग्रिटचा काळा, आणि त्या दोहोंची शीव तिथून स्पष्ट दिसते. देखावा म्हणून उत्तमच. पण तिथून किंडर म्हणजे आकाशाखाली ओढलेली एक आडवी रेघ, आणि तिच्यात बघण्याजोगं काही आहे असं कुणाला वाटणार नाही. म्हणून मॅम टॉर आधी करू नये. आधी किंडरवर दिवसभर बूट काळे करून घ्यावेत, आणि दुसऱ्या दिवशी त्या रेघेत वूलपॅक्स, ग्रिंड्सब्रुकची घळ, क्राउडन एकेक ओळखत बसावं.