स्कॅनिंग झाले, तपासले कोणी?

२१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत असंख्य फायली जळाल्या आणि ‘कागद स्कॅन करून ठेवा’ हा मंत्र जिकडेतिकडे ऐकू येऊ लागला. हेतूबद्दल आमचे दुमत नाही. आमचा आक्षेप आहे तो स्कॅनिंग म्हणजे झेरॉक्स काढण्याइतके सोपे काम, या समजुतीला.

भिवंडी तालुक्याचेच पाहा. काल्हेर, पूर्णा परिसरातली भातशेती गोदामांखाली गेली. अशा ठिकाणी जुन्या फेरफारातल्या एका आकड्यावर मोठे व्यवहार अडतात. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असे लिहितात, उदाहरणार्थ ०.४२.५०. आता थोडे गणित करू. इंचाला २०० बिंदू घेतले तर एक बिंदू ०.१२७ मिलिमीटरचा होतो. टाकाने दिलेला ठिपका ०.३ मिलिमीटरचा असेल, तर त्याच्या रुंदीत जेमतेम दोन बिंदू बसतात. ३०० घेतले तर साडेतीन. शिवाय प्रतिमा निव्वळ काळी-पांढरी असेल तर यंत्र एक उंबरठा ठरवते. त्याहून गडद ते काळे, फिके ते पांढरे. शाई उडालेली, कागद पिवळा पडलेला. मग खरा ठिपका पुसला जातो आणि धुळीचा कण ठिपका होऊन बसतो! करड्या छटा ठेवल्या तर निदान शंका घ्यायला जागा उरते.

मग काळे-पांढरे का निवडतात? ए-४ पानाचे ३०० घनतेला सुमारे ८७ लाख बिंदू होतात. न दाबता साठवले तर काळ्या-पांढऱ्यात सुमारे १ मेगाबाइट, करड्यात ९, रंगीत २६. साठवण महाग होती तेव्हा ही काटकसर समजण्याजोगी होती. आज नाही.

दाबून साठवण्यातही मेख आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवले, की झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांतून निघालेल्या नकाशात एका खोलीचे २१.११ हे क्षेत्रफळ १४.१३ झाले होते. सारखे दिसणारे तुकडे एकदाच साठवायचे आणि पुन्हापुन्हा वापरायचे, अशी ती पद्धत. आकडा पुसट नव्हता. स्वच्छ, ठसठशीत आणि चुकीचा होता.

पानागणिक दराने कंत्राट दिले की कामगाराने वेग धरावा हे ओघानेच आले. टाचण्या काढणे, कोपरे सरळ करणे, बांधीव वही न उसवता वरून टिपणे, प्रतिमा मूळ पानाशी ताडणे, गाव आणि वर्ष यांची सूची करणे, या कामांचा मोबदला दरात धरलेला नसेल तर ती होणार नाहीत.

२०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा शाळांची जुनी जनरल रजिस्टरेही उघडली गेली. तेव्हा शिक्षकहो, आपल्या शाळेतील रजिस्टराचे एक फिके पान १००, २०० आणि ३०० घनतेला, काळ्या-पांढऱ्यात आणि करड्यात, स्कॅन करून घ्या. विद्यार्थ्यांना मूळ पानावरचे अनुस्वार मोजायला सांगा, मग पडद्यावरचे. आणि हे होईपर्यंत मूळ रजिस्टर रद्दीत देऊ नका, त्यानंतरही नको.