लक्ष्मीबाईंनी माफ केलं, पण लपवलं नाही

'स्मृतिचित्रे' वाचलेल्या कुणालाही विचारा, आधी हसवणारे प्रसंगच आठवतात. सोवळ्याने झपाटलेले वडील, संसारातल्या फजित्या, घरातलं असेल नसेल ते दुसऱ्याला देऊन मोकळे होणारे टिळक. पण तेच प्रसंग एखाद्या मैत्रिणीने तिच्या नवऱ्याबद्दल सांगितले तर? राग आला की घर सोडून जातो, पैशाचा हिशेब ठेवत नाही, मोठे निर्णय एकटाच घेतो. तुम्ही म्हणाल, 'टॉक्सिक आहे, सोड त्याला.'

हा नवरा म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक, फुलामुलांचे कवी. जखमी पक्षिणीसाठी 'केवढे हे क्रौर्य!' लिहिणारा हळवा माणूस. फेब्रुवारी १८९५मध्ये मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाई मागे राहिल्या, पदरात लहानगा दत्तू. नवरा जिवंत, पण धर्म बदललेला. त्या काळच्या ब्राह्मण बाईला याचा अर्थ काय होता, हे वेगळं सांगायला नको. पुढची काही वर्षं त्यांनी नातेवाइकांच्या आधाराने काढली.

आमच्या मंडळीत लग्नाच्या उपासनेत लक्ष्मीबाईंचं उदाहरण मी ऐकलं आहे. सूर ठरलेला: बघा, किती सोसलं, तरी प्रेम सोडलं नाही. समोर नवरा-नवरी दोघं बसलेले असतात, पण हा उपदेश नवरीसाठीच असतो. मला हे वाचन चुकीचं वाटतं, पुस्तकाच्या दृष्टीने आणि शुभवर्तमानाच्याही.

आधी पुस्तक घेऊ. लक्ष्मीबाई टिळकांकडे परत गेल्या त्या स्वतःच्या अटींवर. नवरा ख्रिस्ती, ही हिंदू. चूल वेगळी, सोवळं वेगळं. जात माणसांनी केलेली आहे, देवाने नाही, हे स्वतःला पटल्यावरच त्यांनी शिवाशिव सोडली, आणि १९००मध्ये बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने सांगितलं म्हणून नव्हे. म्हणजे सोसण्याचे बरेचसे दिवस त्या ख्रिस्ती होण्याआधीचे आहेत. त्या सोसण्याला 'ख्रिस्ती सहनशीलता' म्हणणं तारखांतच बसत नाही.

आता शुभवर्तमान. दुसरा गाल पुढे करा, वैऱ्यांवर प्रीती करा, ही डोंगरावरच्या प्रवचनातली शिकवण सगळ्यांना पाठ असते. पण योहानाच्या अठराव्या अध्यायात एक शिपाई येशूला चपराक मारतो, तेव्हा येशू गप्प राहत नाही. मी चुकीचं बोललो असेन तर दाखव, नसेन तर का मारतोस, असं विचारतो. हात उगारत नाही, आणि मार झाला नाही असंही दाखवत नाही. मारणाऱ्यावर प्रेम करायचं म्हणजे त्याच्या वागण्याला चांगलं म्हणायचं, असं तिथे कुठेच नाही.

लक्ष्मीबाईंचं पुस्तक मला या प्रश्नाच्या जवळचं वाटतं. पहिला भाग आला १९३४मध्ये. टिळकांना जाऊन पंधरा वर्षं झाली होती, मराठी ख्रिस्ती समाजात त्यांना संताचा मान होता. विधवेने त्या मूर्तीला आणखी एक हार घातला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी टिळकांचा संताप लिहिला, हट्ट लिहिला, आणि त्याच ओघात माया, पश्चात्ताप, भाबडेपणाही लिहिला. सूड नाही, आणि झाकपाकही नाही. ज्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं, त्यांचं ते काव्य पुढे नेणारीही हीच बाई.

तरी एक गोष्ट खटकते. त्यांचा विनोद इतका गोड आहे की कधीकधी तो टिळकांना फार स्वस्तात सोडतो. प्रसंग वाचताना आपण खुदकन हसतो आणि त्या रात्री त्या बाईवर काय गुजरली असेल, हे विचारायचं राहून जातं. शिवाय त्या काळी त्यांच्यापुढे वाटा किती होत्या? जिथे निघून जायची सोय नाही, तिथे राहण्याला निवड म्हणताना जपून म्हणावं.

म्हणून हे पुस्तक कुणाला 'सोस' म्हणून देऊ नका. जी आज मार खाते आहे, तिला आधी सुरक्षित जागा हवी. माफीचं नंतर, तिच्या वेळेने, आणि माफ केलं तरी परत जायलाच हवं असं नाही. 'स्मृतिचित्रे' सांगतं ते वेगळंच: एखाद्यावर जीव असूनही त्याने काय केलं ते नावानिशी लिहिता येतं. लक्ष्मीबाईंनी ते लिहिलं, म्हणूनच त्यांच्या प्रेमावर माझा विश्वास बसतो.